रुसलेला हात

बफेलो, ११ एप्रिल

एलिसेओ,

आईला पाठवलेल्या पाकिटात हे तुझं पाकीट वेगळं घातलंय. कुरिअरनं पाठवतोय, आपल्याकडच्या पोस्टाचा भरवसा नाही. फोन तू उचलत नाहीस, आवाज पाठवला तर न ऐकता पुसतोस. कागद पुसता येत नाही. फाडता येतो, पण फाडायच्या आधी माणूस एकदा तरी बघतोच.

बातमी अशी की बेसबॉल क्लबनं माझ्यापुढं करार ठेवलाय. नऊ वर्षांचा. आकडा ऐकून आई म्हणाली, "पेसोमध्ये सांगू नकोस, चक्कर येऊन पडेन." अकरा कोटी डॉलर. आता तू गावात सांगितलंस तरी चालेल, उद्यापरवा टीव्हीवर येईलच.

आई म्हणते, आजच सही कर. देवानं ताट वाढलंय, तू मीठ कमी आहे म्हणून बसू नकोस. माझा एजंट कीथ म्हणतो, अजिबात नको. तो म्हणतो, अजून चार वर्षं तू तसाही यांचाच आहेस, वर्षावर्षाला जे देतील ते घ्यायचं. पण मग मोकळा झालास की सगळे क्लब रांग लावतील आणि तुझी किंमत तिप्पट होईल. "बावीस वर्षांच्या पोराला नऊ वर्षं बांधून घेतायत, कारण त्यांना तू स्वस्तात हवायस," असं तो म्हणतो. त्याचं स्पॅनिश भयंकर आहे, पण हे वाक्य त्यानं घोकून ठेवलेलं दिसतं.

मला काय वाटतं हे कुणी विचारत नाही. म्हणून तुला विचारतो. तू असतास तर काय केलं असतंस?

इथं अजून बर्फ पडतो. मंगळवारी सामन्याच्या मधेच पडला. बॉल साबणासारखा सटकतो. या महिन्यात माझ्या दोन फेकी वाया गेल्या त्या थंडीमुळंच. टीव्हीवर पाहिल्या असशील तर सांगतोय. हात एकदम ठीक आहे.

मी डिसेंबरात घरी येतो तेव्हाच तुला नेमकं इगुए शहरात काम कसं लागतं, हे एकदा सांग. आई म्हणते, विषय काढू नकोस. बघ, मी काढला.

तुझा
एस्द्रास

ता. क. सहज विचारतो. तुझं सुरू झालं तेव्हा आधी काय झालं होतं? बोटांना काही जाणवायचं का? असंच विचारतोय, इथं एका पोराला होतंय.


डेट्रॉइट, ३० एप्रिल

एलिसेओ,

आई म्हणाली, रविवारी जेवायला आलास तेव्हा तिनं पाकीट तुझ्या ताटाशेजारी ठेवलं. तू उलटसुलट करून पाहिलंस, शर्टाच्या खिशात घातलंस आणि आणखी भात मागितलास. फाडलं नाहीस. मला तेवढं पुरे आहे.

मागच्या पत्रात लिहिलेला तो एक पोरगा मीच आहे. तुला कळलंच असेल, उघडलं असशील तर.

थंडीचं काही नाही, एलिसेओ. इथं डेट्रॉइटला ऊन आहे, आणि काल पुन्हा झालं. साधा बॉल आला, सरळ माझ्याकडं घरंगळत. मारणारा माणूस जाडजूड, फर्स्ट बेसच्या अर्ध्या वाटेतही पोचला नव्हता; त्याच्याआधी बॉल तिथं पोचला की तो बाद. हातात बॉल, समोर फर्स्ट बेस, तिथं वेनान्सिओ ग्लव्ह उघडून उभा. शेंबडं पोरही टाकेल अशी फेक. आणि माझ्या बोटांना कळेना की बॉल कधी सोडायचा. कधी म्हणजे खरंच कधी. जिना उतरताना एकदम मनात आलं की आधी कुठला पाय टाकायचा, तर माणूस पडतो ना, तसं.

विचित्र हे की अवघड फेक नीट जाते. उडी मारून, पडता पडता, अंग वळवून फेकलेला बॉल त्याच्या छातीवर जातो. वेळ मिळाला की घात होतो. म्हणून मी युक्ती काढलीय. बॉल हातात आला की मुद्दाम थांबतो, शिवणीवरून बोट फिरवतो, धावणारा अगदी जवळ येईपर्यंत. मग विचार करायला वेळच उरत नाही आणि हात आपोआप सुटतो. लोकांना वाटतं मी ऐट करतोय. टीव्हीवरचा एक जण म्हणाला, "या पोराच्या अंगात रक्त नाही, बर्फ आहे!" बफेलोतली शाळेची पोरं आता मैदानात माझी नक्कल करतात. बॉल घेऊन उभी राहतात आणि मग फेकतात. मी तिकडं बघायचं टाळतो.

वेनान्सिओला माहीत आहे. तो आमचा फर्स्ट बेसवाला, कुमानाचा, व्हेनेझुएलाचा. वय छत्तीस. डोक्यावर केस नाहीत पण दाढी अशी की पाखरानं घरटं करावं. माझ्या वाकड्यातिकड्या फेकी तो जमिनीतून उकरून, हवेतून ओढून काढतो. तो नसता तर माझ्या नावावर आतापर्यंत वीस चुका लागल्या असत्या. परवा सराव संपल्यावर शेजारी येऊन बसला आणि सूर्यफुलाच्या बिया थुंकत म्हणाला,

"पोरा, फेकताना मनात काय असतं रे?"

"काही नाही."

"खोटं. काही नसतं तर बॉल माझ्या छातीवर आला असता."

त्यानं बियांची पुडी माझ्यापुढं धरली.

"कुणाला बोललायस?"

"नाही."

"बोलू नकोस. सही होईपर्यंत तोंड शिवून ठेव. मी आहे ना तिकडं, तू नुसता माझ्या दिशेनं सोड."

मी त्याला तुझ्याबद्दल सांगणार होतो. नाही सांगितलं. इथं त्या दुखण्याचं नावसुद्धा कुणी घेत नाही, घेतलं की लाकडाला हात लावतात. गावात निदान सरळ म्हणायचे, पानियाग्वांच्या घरातल्या थोरल्याचा हात रुसला.

तू बॉल टाकणारा पिचर होतास, मी आलेला बॉल अडवणारा शॉर्टस्टॉप. तुझा हात रोज शंभर वेळा परीक्षेला बसायचा, माझा पाच-सहा वेळा. एवढाच फरक. मला सांग ना तो परत येतो का. तुझा कधीच आला नाही, हे मला माहीत आहे. पण तू प्रयत्न केलेस ना? काय काय केलंस?

एस्द्रास


बफेलो, १९ मे

एलिसेओ,

दुसरं पाकीटही तू घेऊन गेलास. आई म्हणते, ट्रकच्या आरशामागं खोचलंस. म्हणजे मी रोज तुझ्याबरोबर वाळू वाहतोय म्हणायचं.

आता मी तुला एक गोष्ट सांगतो, ती कीथला सांगू शकत नाही आणि आईलाही नाही. मला सही करायची आहे. आजच, या घटकेला. कारण कुणाला कळायच्या आत ती झाली पाहिजे. एकदा झाली की हात राहो नाहीतर जावो, त्यांना पैसे द्यावेच लागतील. डॉक्टरी तपासणी झाली गेल्या आठवड्यात. यंत्रात घातलं, खांदा पाहिला, कोपर पाहिलं, एकेक बोट वाकवून पाहिलं. डॉक्टर म्हणाला, असा हात इतक्या वर्षांत पाहिल्याचं मला आठवत नाही. मला हसू आलं आणि मग ते थांबेना. त्याला वाटलं मी खूश झालो.

कीथ मात्र अडून बसलाय. काल त्याच्या हॉटेलवर जेवायला बोलावलं होतं.

"एस्द्रास, तुला घाई कसली? उपाशी आहेस का? घर घेऊन दिलंस आईला, गाडी आहे."

"मला सुरक्षित वाटायला हवं."

"सुरक्षित! अरे तू या लीगमधला सगळ्यात सुरक्षित पोरगा आहेस. तुझी ती थांबून फेकायची लकब! पोस्टरं विकली जातायत त्याची."

मी ताटातल्या माशाकडं बघत राहिलो. सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. पण कीथचं पोट माझ्यावर आहे, आणि भीती त्यालाही वाटणारच. त्याला सांगितलं की तो लपवणार. मग आम्ही दोघं चोर.

ही चोरी आहे का, एलिसेओ? वेनान्सिओ म्हणतो, नाही. तो म्हणतो, "तुझ्या देशातून दरवर्षी शेकड्यांनी पोरं उचलतात आणि त्यातली बहुतेक एक बॅग देऊन घरी धाडतात. तेव्हा कुणी विचारतं का, बाबा, आता तू काय करणार? व्यवहार आहे. त्यांनी त्यांचं बघावं, तू तुझं." त्याला ठाऊकही नाही की तो तुझ्याबद्दल बोलत होता. तुला त्यांनी दिलेली बॅग मला आठवते. निळी. आईनं तिच्यात कांदे ठेवले होते.

पण रोज मैदानावर उतरतो तेव्हा छातीत कुणी ओली चादर पिळतंय असं वाटतं. बॉल माझ्याकडं येऊ नये म्हणून मी प्रार्थना करतो. मी! तू बाटल्यांची झाकणं फेकायचास आणि मी झाडूच्या दांड्यानं मारायचो, आणि झाकण माझ्याकडं आलं नाही तर रडायचो, आठवतं? आता राष्ट्रगीत चालू असताना मी मनात म्हणतो, देवा, आज सगळे बॉल डावीकडं जाऊ देत. बॅटिंग चांगली चाललीय हे आणखी वाईट. बॅटनं बरं मारतो म्हणून कुणी हाताकडं बघत नाही.

जेवण जात नाही. आईला सांगू नकोस.

कीथ शेवटी म्हणाला, तुझं आयुष्य, तुझी सही. आठ जूनला क्लबच्या कचेरीत बोलावलंय. तोवर मला हा हात सांभाळायचाय. तेवढे दिवस कसे काढू सांग. तू काय करायचास? बर्फ लावायचास? डोळे मिटायचास? काहीतरी असेलच ना. एक ओळ लिही. शिवी दिलीस तरी चालेल.

एस्द्रास


बफेलो, २ जून

एलिसेओ,

तुला आतापर्यंत कळलंच असेल. टीव्हीवर तेच तेच दाखवतायत.

साधा बॉल होता. नेहमीसारखा थांबलो. धावणारा जवळ आला आणि सोडला, पण यावेळी घाईतही तो चुकला. बॉल आत गेला, धावणाऱ्याच्या वाटेत. वेनान्सिओनं सोडून द्यायला हवा होता. दुसऱ्या कुणाचा असता तर त्यानं सोडलाही असता. माझा होता म्हणून त्यानं पूर्ण हात लांबवला आणि पळणारा माणूस त्याच्या कोपरावरून गेला. आवाज मला तिसऱ्या बेसजवळ ऐकू आला. ओला फाटा मोडल्यासारखा.

हात उलट्या बाजूला वळला होता. ग्लव्हमध्ये बॉल तसाच होता. पंचानं बाद दिलं, एलिसेओ. माझ्या नावावर चूकसुद्धा लागली नाही. पेपरात लिहिलंय, दुर्दैवी अपघात.

इस्पितळात गेलो होतो. त्याची बायको बेल्कीस दारात बसली होती. तिनं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "तू कशाला रडतोस रे, तुझा काय दोष." तिला माहीत नाही. त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. आत गेलो तर गुंगीत होता. मला बघून म्हणाला, "पकडला ना मी?" मी म्हटलं, पकडलास. "मग झालं तर," म्हणाला आणि झोपला.

डॉक्टर म्हणतात हे वर्ष गेलं. छत्तिसाव्या वर्षी एक वर्ष गेलं म्हणजे सगळंच गेलं. त्याचा करार याच वर्षी संपतोय.

आज सकाळी गाडीतून उतरलो आणि उजवा हात दाराच्या फटीत ठेवला. डाव्या हातानं दार धरलं होतं. हाड मोडलं की लोक फुलं पाठवतात, पाठीवर हात ठेवतात, कधी बरा होशील विचारतात. ज्याचं काहीच मोडलेलं नाही त्याला काय पाठवणार? बराच वेळ तसा उभा होतो. शेजारची बाई कुत्रं फिरवायला बाहेर आली, म्हणाली, "गुड मॉर्निंग, काल वाईट झालं हो." मी हात काढून तिला हलवून दाखवला.

सहा दिवसांनी सही आहे. आता वेनान्सिओ नाही. त्याच्या जागी एक नवा पोरगा आलाय, त्याला माझी फेक माहीत नाही. हे पत्र मी एका दिवसात पोचणाऱ्या कुरिअरनं पाठवतोय.

फोन कर. तुझ्या पाया पडतो. काय राग असेल तो असू दे, नंतर सात जन्म बोलू नकोस, पण एकदा कर. हे ज्याला झालंय असा माझ्या ओळखीत तू एकटाच आहेस.

एस्द्रास


निसाओ, ४ जून

एस्द्रास,

हात दारात घालू नकोस, मूर्खा.

तुझी चारही पत्रं वाचली. पहिली तीन उघडली नव्हती. सोमवारी दुकानातल्या टीव्हीवर त्या माणसाचा हात मोडताना दाखवला. सगळे त्याच्या कोपराकडं बघून ओरडत होते. मी तुझ्या मनगटाकडं बघत होतो. मग ट्रकमध्ये जाऊन तिन्ही पाकिटं एकदम फाडली. चौथं आज आलं. दुकानदार लुक्रेसिओचा भाचा संध्याकाळच्या विमानानं न्यूयॉर्कला चाललाय, त्याच्याकडं हे देतो. तो तिथून पुढं पाठवील. फोनवर मला हे बोलता येणार नाही.

तू विचारलंस मी तुझ्याशी बोलणं का सोडलं. गावाला वाटतं मी जळतो. आईलाही वाटतं. मी तसं वाटू दिलं, ते सोपं होतं.

तिकडं क्लबच्या सरावाच्या छावणीत आम्हाला पहिल्याच महिन्यात एका जुन्या खेळाडूनं सांगितलं होतं की हात रुसलेल्याच्या शेजारी बसू नका, साथीसारखं लागतं ते. मला झालं तेव्हा पोरं माझ्या बाकावरून उठून जायची. माझ्या टॉवेलला कुणी शिवायचं नाही. ज्याच्या खाटेशेजारी माझी खाट होती तो खाली जमिनीवर झोपायला लागला. खरं की खोटं ते मला माहीत नव्हतं. घरी परत आलो तेव्हा तू पंधरा वर्षांचा होतास. अंगणात तू आईच्या लिंबाच्या झाडावर लिंबं फेकत होतास आणि ज्या लिंबावर नेम धरशील तेच पडत होतं. असा हात मी छावणीतही पाहिला नव्हता. तू धावत आलास आणि म्हणालास, चल खेळू. मी म्हटलं, डोकं दुखतंय.

मी असा विचार केला. लागतं ते खोटं असेल, तर माझा एक भाऊ जाईल. खरं असेल, तर तुझा हात जाईल. म्हणून मी लांब झालो. इगुएला मला काही काम नसतं. तू आलास की मी तिथं एका खोलीत पडून असतो.

आणि आता तुला झालंच आहे. सात वर्षं फुकट गेली.

सही करू की नको ते मला विचारू नकोस, मी वाळू भरतो. पण लपवण्याबद्दल मला कळतं. मी सव्वा वर्ष लपवलं. तू विचारलंस काय काय केलं. बर्फ लावला, डोळे मिटले, चर्चातल्या पास्तरकडून तेल आणून चोळलं, जखम झाली म्हणून खोटं बँडेज बांधलं. हात त्यानं परत आला नाही. ज्या दिवशी मला घरी पाठवलं, त्या दिवशी विमानात मी सव्वा वर्षात पहिल्यांदा झोपलो. एवढा झोपलो की उतरताना हलवून उठवावं लागलं.

सांगून टाक. आधी सांग. मग सही करायची तर कर.

आलो असतो. पण मला व्हिसा कुणी देणार नाही.

भात खा.

एलिसेओ


बफेलो, २८ जून

एलिसेओ,

रविवारी तुझा फोन आला आणि आपण दोघंही नुसते श्वास घेत बसलो. शेवटी तू म्हणालास, "पाऊस आहे का तिकडं?" मी म्हटलं, नाही. आणि ठेवला. म्हणून हे लिहितोय. आपल्या दोघांना कागदच बरा.

तुझं पत्र सात तारखेला दुपारी पोचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोट घालून कचेरीत गेलो. बाहेर फोटोवाले. आत लांबलचक टेबल, त्यावर कागद, दोन पेनं, मधे फुलं. क्लबचा सगळा कारभार बघणारी बाई आहे, मिसेस ऑस्टलंड. माझ्याशी नेहमी चांगली वागलीय, पहिल्या हिवाळ्यात तिनंच मला जाड कोट आणून दिला होता. तिच्या शेजारी वकील, माझ्या शेजारी कीथ, पलीकडं दुभाषा.

मी दुभाष्याला थांबवलं आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "मॅडम, सहीआधी एक सांगायचंय. मला फर्स्ट बेसवर फेकता येत नाही. हात ठीक आहे. पण येत नाही. फेब्रुवारीपासून."

कीथ हसला. त्याला वाटलं माझं इंग्रजी चुकलं. मग त्यानं माझं तोंड पाहिलं.

मिसेस ऑस्टलंड मात्र अजिबात दचकली नाही. तिनं हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, "आम्हाला माहीत आहे, एस्द्रास."

मला वाटलं मीच नीट ऐकलं नाही. दुभाष्यानं तेच पुन्हा स्पॅनिशमध्ये सांगितलं.

आमच्या कोचनं मार्चमध्येच ओळखलं होतं. त्यांनी माझ्या सगळ्या फेकींचे व्हिडिओ काढून ते तपासायला माणसं बसवली होती. त्यांचं ठरलं होतं की सही झाली की पुढच्या वर्षी मला मागं, सेंटर फिल्डला न्यायचं. तिथून फेक लांब असते, विचार करायला जागा नसते. मी बॅटनं मारतो तेवढं त्यांना पुरे होतं. आणि नऊ वर्षांचा तो आकडाही त्यावरूनच आला होता. मी घाबरून लवकर सही करीन आणि जास्त मागणार नाही, हा हिशोब त्यांनी करून ठेवला होता. तिनं हे असं म्हटलं नाही. कीथनं ओरडून विचारलं आणि तिनं नाही म्हटलं नाही.

मला राग त्याचा आला नाही. खरंच नाही. क्षणभर एवढं हलकं वाटलं की मी पेन उचललं होतं. सगळ्यांना माहीत आहे, तरी त्यांना मी हवाय! आणि मग एकदम वेनान्सिओचं कोपर डोळ्यांपुढं आलं.

मी विचारलं, "मार्चपासून माहीत होतं?"

"हो."

"मग मला तेव्हाच का नाही हलवलं? पलीकडं वेनान्सिओ उभा असायचा. माझी प्रत्येक फेक तो पकडत होता."

ती खिडकीकडं बघत म्हणाली, "सहीआधी हलवलं असतं तर साऱ्या लीगला कारण कळलं असतं. करार कुणालाच करता आला नसता. तुलाही नाही." मग म्हणाली, "वेनान्सिओचं व्हायला नको होतं. मला झोप लागत नाही, विश्वास ठेव."

मी ठेवला विश्वास. ती खोटं बोलत नव्हती. तिलाही झोप नाही, मलाही नाही, आणि आम्ही दोघं एकाच कारणासाठी गप्प बसलो होतो. मधल्या मधे तो माणूस मोडला. मी पेन खाली ठेवलं आणि उठलो. दारात म्हटलं, "मला उद्यापासून सेंटर फिल्डला पाठवा. सही नको."

जिन्यात कीथनं मला भिंतीशी धरलं. रागानं त्याचे कान लाल झाले होते. "गाढवा, मला आधी सांगितलं असतंस तर पेन मी स्वतः तुझ्या हातात दिलं असतं! पळत गेलो असतो सही घ्यायला! आता हे बाहेर पडलं की तुला कुणाला विकू मी?" मग तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "पोरा, एकट्यानं कसं रे काढलंस एवढे दिवस?" मी त्याला चांगला माणूस समजत नव्हतो.

बाहेर पडलंच. चार दिवसांत सगळ्यांना कळलं. क्लबनं नवा कागद पाठवला, वर्षं तेवढीच आणि आकडा निम्मा. मी परत केला. आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तुला माहीतच असेल, तुझ्याच ताटाशेजारी बसून ती मला शिव्या देत असेल. तिला म्हणावं, घर तुझंच आहे, ते कुणी नेत नाही. बाकीचं मला माहीत नाही. पुढच्या वर्षी मी या क्लबमध्ये असेन का, ते कुणालाच माहीत नाही.

सेंटर फिल्डला पहिल्या दिवशी उंच आलेला बॉल माझ्या खांद्यावर आदळला. लोकांनी हुर्यो केली. ज्या पोरांनी माझी नक्कल केली ती आता खांद्यावर बॉल आपटून घ्यायची नक्कल करतात. दुसऱ्या दिवशी एक पकडला आणि न बघता फेकला. सरळ गेला. पुढचा गेला नाही. असं चाललंय. प्रार्थना मात्र थांबलीय. बॉल येऊ दे म्हणत नाही अजून, पण येऊ नको असंही म्हणत नाही.

वेनान्सिओला मी सगळं जाऊन सांगितलं. त्यांना माहीत होतं, हेही सांगितलं. बेल्कीस उठून स्वयंपाकघरात गेली आणि बाहेर आलीच नाही. तो बराच वेळ प्लास्टरवर नखानं खरवडत बसला. मग म्हणाला, "माहीत होतं तर निदान मोठा ग्लव्ह तरी द्यायचा होता मला." मी हसलो नाही. तो हसला, आणि मग रडला. मी त्याच्या घरी रोज जातो. बेल्कीस दार उघडते, कॉफी ठेवते, माझ्याकडं बघत नाही. मी जातच राहणार.

ऑक्टोबरात सामने संपले की पहिल्या विमानानं येतो. विमानतळावर ट्रक घेऊन ये. इगुएची ती खोली सोडून दे. मला त्या अंगणात तुझ्याबरोबर बॉल खेळायचाय, आता काय लागायचं ते दोघांनाही लागून झालंय. गाव कुंपणाबाहेर जमेल आणि हसेल, हसू दे. पहिली फेक तुझी. माझ्या डोक्यावरून गेली तर मी पळत जाऊन आणीन, आणि माझी गेली तर तू आण.

तुझा
एस्द्रास